गुडघ्याच्या पुढे

सुरुवात कशी झाली, विचारतात पाहुण्या,
बोटीच्या काठावर बसून मास्कात थुंकता थुंकता.
मी प्रत्येकीला वेगळंच काही सांगते.
आज खरं सांगते, कारण वारा पडलाय
आणि बेट अजून अर्धा तास लांब आहे.

माझी आई चिखलीच्या खाडीत तिसऱ्या काढायची,
पायांनी.
तोंड वर, गप्पांत; बोटं खाली, चिखलात.
पाणी गुडघ्याला, फार तर मांडीला.
त्यापुढचं पुरुषांचं.
कुणी तसं लिहून ठेवलं नव्हतं.
साडीच सांगायची, भिजून जड झाली की.

मी बोगमाळ्याला लागले, आवेलिनोच्या दुकानात,
डायव्हिंगचे सूट धुवायला.
अकरा वर्षं.
उलटे करायचे, गोड्या पाण्यात बुडवायचे, सावलीत टांगायचे.
संध्याकाळी दोरीवर
तीस बिनडोक्याची माणसं हलत असायची.
आत भीतीने कोण किती ओलं झालं ते मला ठाऊक,
आणि बाहेर खुर्चीत बसून तोच
हाताएवढा मासा होडीएवढा करत असायचा.

सूट सगळे पुरुषांच्या मापाचे.
खांद्यात ऐसपैस, कमरेत कंजूष.

मग आल्या सत्यवती कदमबांडे,
कराडच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकसष्ट.
म्हणाल्या, उतरीन, पण हात धरायला बाई हवी.
आवेलिनो म्हणाला, बाई नाही.
"मग ही कोण?"
माझ्या हातात पाण्याचा पाइप होता.
"ही? सूट धुते."
"म्हणजे पाण्याची सवय आहेच.
मी जानेवारीत येते. तोवर शिकवा हिला."
आगाऊ पैसे मोजले, पावती मागितली,
आणि आवेलिनोचं पेन हातातून काढून घेऊन
पावतीवर स्वतःच लिहिलं:
सोबत, सुकांती तारी.

तारी आम्ही. नावेतली माणसं.
आमच्या घरातली बाई पाण्यात पडली
तर ओरडायचं, एवढंच तिला शिकवलेलं.

पहिला श्वास मी धुण्याच्याच टाकीत घेतला.
रेग्युलेटर दातांत, तोंड पाण्यात,
वर पार्श्वभाग आणि आवेलिनोचं हसू.
नळीतून कोरडी हवा आली, रबराच्या वासाची.
मी डोकं वर काढलं नाही.
काढलंच नाही. त्याने हसणं थांबवलं,
मग खांदा हलवला,
मग घाबरून पाठीत थापटी मारली.

नवरा म्हणाला, घरातला गॅस उचलताना कंबर धरते तुझी.
सासूने फक्त मंगळसूत्राचं विचारलं.
फाटक्या सुटाचा तुकडा कापून
मी माझ्या सुटाला कमरेत कळी घातली,
झंपराला घालतात तशी.
चिकटवायला पंक्चरवाल्या मिंगेलचं सोल्यूशन.

चौथ्या मीटरला कान फुटतील असं वाटलं.
नाक दाबून फुंकलं. आत काहीतरी टक् झालं,
जुन्या कडीसारखं.
पाणी पेजेसारखं गढूळ.
टिकली सुटून मास्कच्या काचेला चिकटली,
म्हणून तळाशी मला सगळ्यात आधी दिसलं ते
माझंच कुंकू, आणि त्यामागे एक खेकडा.
पाय वाळूला टेकले.
फिन्सच्या आत, कुणी न सांगता,
बोटं चाळवू लागली.

जानेवारीत बाई आल्या. ठरल्या तारखेला.
त्यांचा हात बर्फासारखा, माझाही.
नऊ मीटरवर, नांगराच्या दोरीशी,
त्यांनी पाटी मागितली, पेन्सिल घट्ट धरली,
आणि शाईच्या वहीतल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं:
हजर.
मग पाटी माझ्याकडे दिली.

मी काय लिहिलं ते विचारू नका.
अक्षर माझं वाईट आहे.

घरी आईने एवढंच विचारलं,
तिथे खाली आहेत का गे तिसऱ्या?
मी म्हटलं, पाहिलं नाही.
ती म्हणाली, डोळ्यांनी कुठे दिसतात त्या.

चला, बेट आलं.
केस मास्कच्या पट्ट्यातून मोकळे करा.
श्वास कधी रोखायचा नाही.
आणि हा सूट घाला, तो नको.
याला कळी आहे.